अकरा सायकली आणि मूलचा रस्ता

सायकलने सहलीला जायचे म्हटले की आपल्या वस्तीत लोक हसतात. त्यांचे हसणे चुकीचे म्हणता येत नाही. सायकल ही आपल्याकडे हौसेची वस्तू कधी नव्हतीच. बाप तिच्यावर बसून खाणीच्या पाळीला गेला, आजोबांनी तिच्यावर बांबू, जळाऊ मोळ्या, कोंड्याची पोती वाहिली. तीच सायकल सुटीच्या दिवशीही बाहेर काढायची म्हणजे कमालच! आमच्या शेजारच्या एका मावशींनी तर तोंडावरच विचारले, "पोटासाठी चालवली ते कमी झालं का रे बाबू, आता हौसेनं चालवता?"

तरीही गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण निघालो. चंद्रपूरहून मूल, सावली, गडचिरोली. दुसऱ्या दिवशी धानोरा रस्त्याने मेंढा-लेखा. मग आरमोरी, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही करीत पुन्हा मूलवरून घरी. पाच दिवस आणि तीनशेच्या वर किलोमीटर. त्यातल्या पहिल्या दिवसाची ही हकीकत आहे. चंद्रपूर ते गडचिरोली हे अंतर सुमारे 80 किलोमीटर. मोटारवाला ते दोन तासांत कापतो, आम्हाला पुरता दिवस लागला.

लांबचा सायकल प्रवास आपल्या जिल्ह्याला नवा नाही. वरोऱ्याच्या आनंदवनातून बाबा आमट्यांनी 1985 साली 'भारत जोडो' अभियान काढले, तेव्हा शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीपासून काश्मीरच्या दिशेने सायकलीच मारत गेले होते. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे, म्हणून ते गाडीत पडून सोबत होते. 1988 मध्ये पुन्हा अरुणाचलातील इटानगरहून गुजरातेतील ओख्यापर्यंत तसाच प्रवास झाला. त्यापुढे आमचे तीनशे किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पण आमच्यातल्या एकालाही रजेचा पगार मिळणार नव्हता, हेही सांगून ठेवतो.

गटात सर्वांत वडील होते आमचे काका, वय 63, कागद कारखान्यातून निवृत्त. त्यांची सायकल काळी, उंच, दांड्याच्या ब्रेकची, वीस किलोच्या वर वजनाची. दोघे कोळसा खाणीतले कामगार, एक गवंडी, एक प्राथमिक शिक्षक, एक एसटीच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक, तीन कॉलेजची मुले. आणि मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली अंगणवाडी सेविका व तिची बारावीतली मुलगी. कॉलेजच्या मुलांकडे गिअरच्या सायकली होत्या, बाकी सगळ्या साध्या. मायलेकी आदल्या दिवशीच एसटीच्या टपावर सायकली टाकून चंद्रपूरला आल्या होत्या. मुलीच्या मामांनी शेवटपर्यंत विरोध केला. त्यांचे म्हणणे होते, रस्ता जंगलाचा आहे, पोरीचे वय नाजूक आहे, काही झाले तर जबाबदार कोण? आईने एवढेच सांगितले, "मी सोबत हावो ना दादा."

निघण्याआधी काकांनी तीन नियम घालून दिले. पहिला, सूर्य वर आल्याशिवाय निघायचे नाही आणि सूर्य बुडायच्या आत मुक्कामाला पोचायचे. दुसरा, जंगलात कोणी एकटे मागे किंवा पुढे राहायचे नाही, लघवीलासुद्धा गावातच थांबायचे. तिसरा नियम मुलांना पटला नाही. गटातली सर्वांत हळू सायकल जेवढी चालेल तेवढ्याच वेगाने सगळ्यांनी चालायचे.

आम्ही निघालो ते दीक्षाभूमीवरून. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरची दीक्षा झाल्यावर बाबासाहेब चांद्याला आले आणि 16 ऑक्टोबरला येथे त्यांनी लोकांना धम्मदीक्षा दिली. तो सोहळा घडवून आणण्यात बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांचा मोठा वाटा होता, हे आपल्या वाचकांना सांगायला नकोच. काकांचे वडील त्या दिवशी पोंभुर्ण्याकडच्या खेड्यातून सायकलवर आले होते, मागे कॅरिअरवर काकांची आई. काकांचा जन्म तेव्हा व्हायचा होता. ती सायकलही मागून आणलेली होती म्हणे, आणि परत द्यायला उशीर झाला म्हणून मालकाकडून बोलणी खावी लागली. मावशींना द्यायचे उत्तर आम्हाला तिथे सापडले. पोटापलीकडच्या कामासाठीही आपली माणसे सायकलवर निघाली होती.

सव्वासातला बंगाली कॅम्पचा चौक सोडला. कारखान्याची भिंत मागे पडली, लोहारा आले आणि दोन्ही बाजूंनी साग, ऐन, धावडा, मधूनमधून बांबूची बेटे सुरू झाली. धुके अजून झाडांच्या बुडाशी बसलेले. हात हँडलवर गारठले होते. सागाची मोठी पाने रस्त्यावर पडून त्यांवरून चाक गेले की पापड मोडल्यासारखा आवाज येई. बोलणे आपोआप बंद झाले.

हे जंगल ताडोब्याला लागून असलेल्या पट्ट्यातले आहे. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, पुढे 1995 मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. पण वाघाला प्रकल्पाची हद्द ठाऊक नसते. तो लोहाऱ्याच्या, जुनोन्याच्या, मूल-सावलीच्या रानातही असतो. नोव्हेंबर 2018 मध्ये जुनोन्याच्या जंगलात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे मेले होते. माणसे तर दरवर्षी मरतात. मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने एकाच दिवशी मारले. कोण मरते ते पाहा. गुराखी, मोहफुले वेचणारी बाई, सरपण आणणारी म्हातारी. वाकून किंवा बसून काम करणारा माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असे वनखात्याची माणसे सांगतात. हजारो रुपये भरून जिप्सीत बसणाऱ्याला वाघ दिसला तर त्याचे नशीब फळले म्हणतात. तोच वाघ तेंदूवालीला दिसला तर? एका पुड्यामागे चार पैसे मिळावेत म्हणून ती बाई पहाटेच रानात शिरलेली असते. वाघ वाचला पाहिजे, याबद्दल आमच्यात दुमत नव्हते. पण त्याच्या वाचण्याची किंमत कोणत्या घरांतून वसूल होते, हे बोलल्याशिवाय त्या रस्त्याचे वर्णन पुरे होत नाही.

घंटाचौकीच्या पुढे एका खाण कामगाराची मागची सायकल बसली. काटा घुसला होता. कॉलेजची मुले उतारावर पुढे निघून गेली होती, वळणापलीकडे दिसेनाशी झालेली. हाक मारायची तर जंगलात आवाज किती जातो कोण जाणे! आम्ही आठ जण थांबलो. सहा जण सायकली आडव्या लावून पाठीला पाठ देऊन उभे राहिले, तोंडे झाडीकडे. मेकॅनिकने मागचे चाक खोलले असते तर अर्धा तास गेला असता. त्याने चाक जागेवर ठेवूनच टायर एका बाजूने उतरवला, ट्यूब बाहेर ओढली, थोडी हवा भरून गालाजवळ धरली, गार झुळूक लागली तिथे थुंकी लावून भोक पक्के केले. घासले, सोल्यूशन लावले, फुंकर घालून वाळवले, ठिगळ दाबले. घड्याळात तेरा मिनिटे. तेवढ्यात एक भेकर ओरडले आणि अंगणवाडीच्या ताईंनी मुलीचा हात घट्ट धरला. मुलगी मात्र मेकॅनिकचे बोट कुठे फिरते तेच पाहत होती.

मुले परत आली. चेहरे उतरलेले. आपण तिघेच आहोत हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी सायकली वळवल्या होत्या. काका रागावतील असे वाटले, पण ते म्हणाले, "आले ना परत? झालं तर मग. आता माझ्या मागं राहा."

चिचपल्लीला पोचून चहा घेतला तेव्हा सगळ्यांना एकदम बोलायला सुचले. येथे सरकारचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गावातून जाताना त्याची पाटी दिसते. बांबू म्हटले की काकांना राहवत नाही. उभी हयात त्यांनी बांबूच्या लगद्याच्या वासात काढली. जंगलातला बांबू कारखान्याला मिळे, पण त्याच बांबूची टोपली विणणारा बुरूड दोन काठ्यांसाठी नाक्यावर हात जोडी, हे त्यांनी तरुणपणी पाहिलेले. म्हणूनच त्यांना मेंढा-लेखाला जायचे होते. त्या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली 2009 साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. "कागद मी केला, पण बांबूचा मालक कोण ते तिथं पाहून येतो," असे ते म्हणत होते.

चहावाल्याने विचारले, "कुठं चालले जी?"

"गडचिरोलीला."

"एसटी चुकली का?"

"नाही, सायकलीनंच जायचं आहे."

त्याने सगळ्यांकडे, मग ताईंकडे पाहिले. "बाईबी?" आणि चहाचे पैसे घेताना एका कपाचे कमी घेतले. कोणाच्या कपाचे, ते सांगितले नाही.

या रस्त्यावर वाघापेक्षा भीती वाटावी ती ट्रकची. 19 मे 2022 च्या रात्री अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचा ट्रक एकमेकांवर आदळले व नऊ जण जळून मेले. त्यात लाकडाच्या ट्रकवरचे मजूर होते. आम्ही एकामागे एक, डाव्या कडेने, प्रत्येकी दोन सायकलींचे अंतर ठेवून चाललो. सर्वांत मागचा माणूस मागून जड गाडी आली की शिटी वाजवी, आणि सगळे डांबर सोडून कडेच्या मुरमावर उतरत. दर खेपेला उतरण्याचा कंटाळा येतो. तरी उतरावे.

केळझरच्या पुढे रान विरळ झाले आणि धानाचा मुलूख उघडला. झाडीपट्टी ती हीच. बांध्यांमधले धान कापून झालेले, जागोजागी पुंजणे रचलेले, बांधावर तूर पिवळ्या फुलांनी लगडलेली. ओल्या बांध्यांतून लाखोळीची कोवळी हिरवळ वर आली होती. गावागणिक बोडी किंवा मोठा तलाव, त्यात कमळाची पाने आणि काठाला बगळे. हे जुने मालगुजारी तलाव नसते तर या भागात धान पिकले नसते. ते खोदले कोणत्या हातांनी? मालगुजाराचे नाव राहिले, फावडे मारणाऱ्याचे राहिले नाही. एका खळ्यावर मळणी यंत्र चालू होते. तिथल्या बायांनी आम्हाला थांबवून पाणी दिले, आणि ताईंना बाजूला घेऊन बराच वेळ काहीतरी विचारले. भिंतींवर झाडीपट्टीच्या नाटकांच्या जाहिराती चिकटवलेल्या होत्या. दिवाळीनंतर येथे गावोगाव रात्रभर नाटके चालतात, वडशाच्या मंडळ्या सारा हिवाळा फिरत असतात. त्या रात्री जवळच एक प्रयोग होता. मुलांचा जीव अडकला, पण थांबता येत नव्हते.

बाराला मूल. भातगिरण्यांचे गाव. कोंड्याची धूळ उन्हात सोन्यासारखी दिसते आणि घशात गेली की खोकला थांबत नाही. विहारातल्या भगिनींनी गरम भात, वांग्या-वाटाण्याची भाजी आणि जवसाची चटणी करून ठेवली होती. पैसे घेतले नाहीत. आम्ही सोबत नेलेल्या वह्या आणि पेन तिथल्या मुलांना दिले. जेवल्यावर पाठ टेकली की उठवत नाही, म्हणून काकांनी कोणालाच टेकू दिली नाही.

मूल ते सावली हा रस्ता मुलीच्या ओळखीचा. तिची शाळा आणि गाव याच भागात. इथे तीच पुढे झाली. तिची सायकल तिला आठवीत मिळाली. मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकल देण्याची तरतूद राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आहे. आपल्या पोरींच्या शिक्षणाचा विचार करताना फी, वह्या, पुस्तके आठवतात. गाव आणि शाळा यांमधले चार किलोमीटर आपण मोजत नाही. सातवी गावात होते, पुढची शाळा दुसऱ्या गावी, आणि तिथेच अनेक घरांनी पोरीचे नाव काढलेले असते. बिहारने 2006 साली नववीतल्या मुलींना सायकली देण्याची योजना काढली. पुढे झालेल्या अभ्यासात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्याचे आढळले.

या घरात मात्र आणखी एक गोष्ट घडली. पोरीची सायकल आली आणि आईने ती शिकायची ठरवली. वय अडतीस. दिवसा लोक हसतील म्हणून रात्री शाळेच्या पटांगणात. मुलगी मागून सीट धरी आणि आई ओरडे, "सोडू नको गं!" गुडघे फुटले, एक बांगडी हातात रुतली. महिन्याभरात त्या अंगणवाडीच्या बैठकीला सायकलने जाऊ लागल्या. आधी कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून जावे लागे, नाहीतर एसटीची वाट पाहावी लागे. तामिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो गरीब बायका अशाच सायकल शिकल्या होत्या, हे आमच्या शिक्षक मित्राने त्यांना सांगितले. त्या म्हणाल्या, "तिथं एवढ्या जणी होत्या, म्हणून बरं. मी एकलीच होती."

सावलीच्या पुढे त्यांच्या पोटरीत गोळा आला. समोरून वारा, ऊन पाठीवर. सायकल जागच्या जागी डुलू लागली. मुलांपैकी एकाने सुचवले की मागून येणाऱ्या टेम्पोत ताईंना बसवावे, आपण गडचिरोलीला भेटू. सूचना वाईट नव्हती, वेळही जात होता. ताई काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या हँडल धरून उभ्या राहिल्या. काकांनी आकाशाकडे पाहिले. अडीच वाजत होते, अंतर राहिले होते वीसेक किलोमीटर, सूर्य बुडायला तीन तास. त्यांनी गूळ-शेंगदाणे बाहेर काढले, मीठ-साखरेचे पाणी केले. मेकॅनिकने ताईंची सीट एक बोट वर घेतली. ती फार खाली होती, त्यामुळे गुडघा कधी पुरता सरळ होतच नव्हता. मुलांना काकांनी वाऱ्याच्या तोंडाला पुढे घातले आणि ताईंना त्यांच्या आडोशाला मध्ये घेतले. पुढचे तास आम्ही ताशी आठ-नऊ किलोमीटरने चाललो. ज्याला टेम्पो सुचला होता तो मुलगा सर्वांत पुढे वारा खात होता, आणि दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होता.

व्याहाड गेले आणि वैनगंगा आली. पात्र रुंद, पाणी एका अंगाला निळे, दुसरीकडे वाळूचे पांढरे पट्टे. पूल होण्याआधी येथे डोंग्याशिवाय पार होता येत नसे. पावसाळ्यात नदी चढली की पलीकडचे आजारी माणूस पलीकडेच राही. पुढे ही नदी वर्धेला मिळते आणि प्राणहिता होऊन सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. पूल ओलांडला की जिल्हा बदलतो. 26 ऑगस्ट 1982 पर्यंत हा सारा चंद्रपूर जिल्हाच होता. आणखी एक गोष्ट बदलते. पलीकडे गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, अलीकडे चंद्रपुरात 2015 साली बायांनी लढून आणलेली बंदी 2021 मध्ये उठली. त्या लढ्यात ताईंच्या गावच्या बायाही चालल्या होत्या. पुलाच्या मध्यावर त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडं पुन्हा सुरू झाली, तेव्हा लई रडलो आम्ही." मग कोणी काही बोलले नाही. खाली एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन वाळूतून पाण्याकडे चालला होता, कॅरिअरला मासे धरायचे जाळे बांधलेले.

सव्वापाचला गडचिरोलीत शिरलो, उजेड असताना. विहाराच्या आवारात गावातल्या बांधवांनी जयभीम घातला, हातपाय धुवायला कढत पाणी दिले.

कोणाला असा प्रवास करायचा असेल तर अनुभवाचे थोडे सांगतो. मार्च ते जून या रस्त्याला सायकल घालू नका. मे महिन्यात आपल्या चंद्रपूरचा पारा 45 च्या वर जातो, तो काही खेळ नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. नवी सायकल लागत नाही. घरची आहे तीच आठ दिवस आधी मिस्त्रीकडे नेऊन बेअरिंग, ब्रेक, चेन तपासून घ्या. गटात एक पंप, दोन जादा ट्यूब, ठिगळे, पाना आणि एक शिटी असावी. आम्हाला पाच दिवसांत माणशी सहाशे रुपयांच्या आत खर्च आला, कारण मुक्काम विहारांत आणि शाळांत होता. खर्रा खाणाऱ्यांनी तो घरी ठेवावा, चढावर दम लागतो तेव्हा तोंड मोकळे लागते. आमच्या गवंडी मित्राला हे चिचपल्लीपर्यंत पटले नव्हते.

रात्री जेवणे झाल्यावर दुसऱ्या दिवसाची बोलणी निघाली. गावातल्या दादांनी बजावले की धानोरा रस्त्याला पहाटे निघू नका. 2021 पासून छत्तीसगडकडून रानहत्ती जिल्ह्यात आले आहेत, ते आज कुठे आहेत याची चौकशी केल्याशिवाय तर मुळीच नाही. म्हणून निघण्याची वेळ सातऐवजी आठ ठरली. ताई मिठाच्या गरम पाण्यात पाय घालून बसल्या होत्या. मुलीने मेकॅनिककडून ठिगळांची डबी मागून घेतली आणि विजेच्या दिव्याखाली दुपारची जुनी ट्यूब काढून त्यावर हात बसवू लागली. पहिले ठिगळ निघाले. दुसरे बसले.

मामांचा फोन आला तेव्हा तिचे हात सोल्यूशनने भरलेले होते. फोन आईने घेतला आणि सांगितले, "पोचलो आम्ही. सगळेच पोचलो."